हीटरचा वास आणि ‘सर्वांना पाठवा’

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की इकडे नाशकात माळ्यावरचे हीटर खाली येतात आणि त्यांच्या मागोमाग तो मेसेजही. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो गेल्या आठवड्यात तीनदा पडला. मजकूर थोडक्यात असा: हीटरचा वास म्हणजे खोलीतला ऑक्सिजन जळतोय, शेजारी पाण्याची वाटी आणि जाळीवर कापूर ठेवा, पहिले पंधरा दिवस वास येतोच, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडत नाही तोवर घाबरू नका, त्यापेक्षा जुनी कोळशाची शेगडी बरी. खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

ऑक्सिजनचं आधी. कॉइलचा असो, रॉडचा असो की तेलाचा, विजेच्या हीटरमध्ये तार तापते, इंधन जळत नाही. ऑक्सिजन लागतो तो माणसाला आणि शेगडीला. हीटरपुढे घसा सुकतो, डोळे चुरचुरतात ते हवा तापून कोरडी होते म्हणून. वाटीभर पाण्याचा उपयोग झालाच तर त्या कोरडेपणावर, तोही नावापुरता. ऑक्सिजन काही वाटीतून येत नाही. आणि रात्री अंधारात त्या वाटीला पाय लागून पाणी हीटरवर गेलं तर काय, हे मेसेजवाल्याने लिहिलेलं नाही.

कापूर. आरतीत काडी दाखवताच पेटणारी वस्तू लालभडक रॉडच्या जाळीवर ठेवायची! यावर अधिक काय लिहू?

पंधरा दिवसांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो जास्त घातक. वर्षभर पडून राहिलेल्या हीटरवर धूळ बसते आणि पहिल्या दिवशी ती जळते. जुन्या लोकरीवर इस्त्री फिरवल्यासारखा तो वास असतो. नव्या हीटरच्या कॉइलवर कारखान्यातलं तेल असतं, तेही असंच जळून जातं. खिडकी उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास चालवला की दोन्ही वास सरतात. पिन काढून, ब्रशने धूळ झाडून मग लावला तर आणखी लवकर. तिसऱ्या दिवशीही वास येत असेल तर तो धुळीचा नाही. मग शोधायला लागायचं. ब्लोअरमध्ये झुरळ किंवा पाल अडकलेली असू शकते. गोधड्यांबरोबर डांबरगोळ्यांत ठेवलेला हीटर पहिले काही दिवस डांबरगोळ्यांचाच वास सोडतो. ऑइलवाल्या हीटरमधलं तेल कायमचं बंद केलेलं असतं, ते जळत नाही आणि बदलायचंही नसतं; तेलाचा वास आला आणि खाली फरशीवर डाग दिसला तर तो गळतोय, बाद करा. कधी वास हीटरचा नसतोच. हीटर बंद करून खिडकीशी नाक न्या. वॉचमनची शेकोटी असते, गावाकडच्या घरात असाल तर कुणाच्या द्राक्षबागेतला पहाटेचा धूर.

शेगडीचा सल्ला मात्र थेट जिवावरचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, ओव्याची धुरी व्हायची हे खरं. पण ती घरं कौलारू होती, फटी होत्या. आजच्या फ्लॅटमध्ये स्लायडिंग खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून माणसं झोपेतच जातात. हीटरचा वास निदान जागेपणी कळतो तरी.

आता एमसीबी, कारण इथे आम्ही स्वतः फसलो.

आईच्या खोलीत २००० वॅटचा ब्लोअर. संध्याकाळी लावला की तासाभराने बोंबील भाजल्यासारखा वास. आमच्याकडे मासळी शिजत नाही, त्यामुळे संशय सरळ शेजारच्या काकूंच्या सुकटीवर. चार दिवस आम्ही दार लावून नाक मुरडत बसलो. पाचव्या दिवशी काकू गावाला गेल्या आणि वास तसाच. हीटरला नाक लावलं, तिथे काही नाही. पिनेशी वाकलो तर तिथेच. पांढऱ्या सॉकेटच्या एका भोकाभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ, मोठी पिन लहान सॉकेटला जोडणारा कन्व्हर्टर वितळून किंचित वाकलेला, पिनेची एक दांडी काळी. सॉकेटचं प्लॅस्टिक फार तापलं की असा मासळीसारखा, कधी मुतारीसारखा वास सुटतो, हे वायरमनकाकांनी मग सांगितलं.

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. आम्ही मोठी पिन कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये खुपसली होती. एमसीबी १६ अँपिअरचा, तो का पडेल? त्याच्या लेखी सगळं ठीकच होतं. मुळात पिन आणि सॉकेटमधल्या अशा सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबी पाहतो तो प्रवाह. त्या जोडाचा रोध अर्धा ओहम धरला तरी तिथे ३८ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. तारांना डाग देण्याचं साधं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवतं, इथे तर त्याहून जास्त उष्णता रात्रभर सॉकेटच्या पोटात. विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या ईएलसीबीलाही हे कळत नाही, कारण कुठे गळती नसते. हीटर फार तापला की तो बंद करणारा आतला कटआउट हीटरपुरता बघतो, पिनेचं त्याला काय! राहिलं नाक.

तेव्हा हीटर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावा. एक्स्टेन्शन नको, कन्व्हर्टर नको. पंधरा मिनिटं चालवून स्विच बंद करा, पिन काढा आणि पिनेच्या प्लॅस्टिकला पालथा हात लावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल तर ते सॉकेट त्या दिवसापासून बंद, वायरमन येईपर्यंत स्वेटर घाला. नुसती पिन बदलून भागत नाही. आतली पितळी पाती एकदा तापून ढिली झाली की नवी पिनही तशीच तापते.

आम्ही सॉकेट, पिन दोन्ही बदलली आणि जळक्या सॉकेटचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यात आधी अंगठा दाखवला तो काकूंनी. सुकटीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.