ड्यूमॉन्टला प्रेक्षकांनी नाकारलं नव्हतं

अमेरिकी टीव्हीच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो, आणि सध्या तो पुन्हा जोरात फिरतो आहे. 'अमेरिकेत सरकारने टीव्हीत कधी हात घातला नाही. खुल्या स्पर्धेत एनबीसी, सीबीएस आणि एबीसी ही तीन नेटवर्क गुणवत्तेवर टिकली. ड्यूमॉन्ट हे चौथं नेटवर्क कमकुवत होतं, ते प्रेक्षकांनीच बाद केलं. पुढे १९८६ मध्ये फॉक्स शून्यातून उभं राहिलं, तेही याच खुल्या बाजारामुळे.'

अमेरिकेत दूरदर्शनसारखं सरकारी मालकीचं नेटवर्क नव्हतं, एवढं यात खरं आहे. बाकीचं एकही विधान टिकत नाही.

सरकारचा हात अगदी पायापासून होता. एनबीसी १९२६ मध्ये सुरू केली ती आरसीए या रेडिओ कंपनीने, आणि ही आरसीए १९१९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पुढाकारातून जन्मली होती. देशातलं रेडिओचं तंत्र ब्रिटिश मालकीच्या मार्कोनी कंपनीकडे राहू नये म्हणून. १९२७ च्या कायद्याने ठरवलं की लहरी कोणाच्या मालकीच्या नाहीत, परवाना असेल तोवरच त्या वापरायच्या. १९३४ पासून हा परवाना एफसीसी हा सरकारी आयोग देतो. नेटवर्कचे कार्यक्रम शहरोशहरीच्या केंद्रांवरून दिसत, आणि कोणत्या शहरात किती केंद्रं असतील आणि एका मालकाकडे किती, हे तोच ठरवत होता.

एबीसीचं उदाहरण तर दाव्याच्या थेट उलट जातं. एनबीसीची रेड आणि ब्लू अशी दोन रेडिओ नेटवर्क होती. एका कंपनीने दोन नेटवर्क चालवायची नाहीत, असा पवित्रा एफसीसीने १९४१ मध्ये घेतला. एनबीसी न्यायालयात गेली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. त्याच वर्षी ब्लू नेटवर्क ८० लाख डॉलरला एडवर्ड नोबल यांनी विकत घेतलं. लाइफ सेव्हर्स गोळ्यांच्या धंद्यात पैसा कमावलेले हे गृहस्थ. त्या ब्लूचंच पुढे एबीसी झालं. म्हणजे ज्या तिघांना खुल्या बाजाराची लेकरं म्हटलं जातं, त्यांतलं एक सरकारी आदेशामुळे वेगळं झालेलं आहे.

आता ड्यूमॉन्ट. मला या दाव्यातलं सर्वांत अन्यायकारक वाक्य हेच वाटतं. ॲलन ड्यूमॉन्ट हे न्यू जर्सीतले अभियंते. जास्त काळ टिकणारी पिक्चर ट्यूब त्यांनी बनवली, टीव्ही संच विकले आणि त्या बळावर नेटवर्क उभं केलं. विनोदी नट जॅकी ग्लीसन मोठा झाला तो त्यांच्या पडद्यावर. बिशप फुल्टन शीन यांची प्रवचनं मंगळवारी रात्री एनबीसीचा लोकप्रिय विनोदवीर मिल्टन बर्ल याच्या कार्यक्रमाच्या वेळीच लागायची, आणि शीन यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. १९५४ मध्ये कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेमुळे गाजलेले सिनेटर मॅकार्थी आणि सैन्य यांच्यातली सुनावणी ड्यूमॉन्ट आणि एबीसीने दिवसच्या दिवस थेट दाखवली. सीबीएसने ते केलं नाही. याला कमकुवत कार्यक्रम म्हणायचं?

नेटवर्क गुदमरलं ते वेगळ्याच कारणांनी. सप्टेंबर १९४८ मध्ये एफसीसीने नव्या केंद्रांचे परवाने थांबवले. काही महिन्यांचं म्हणून केलेलं काम एप्रिल १९५२ पर्यंत लांबलं. तोवर देशभर केंद्रं होती १०८. डेन्व्हरला एकही नाही. सेंट लुईस, मिलवॉकी अशा मोठ्या शहरांत एकेकच. जिथे एकच केंद्र, तिथे ते रेडिओच्या काळापासून संबंध असलेल्या एनबीसी-सीबीएसचे कार्यक्रम आधी घेणार. चौथ्याला उरलेली वेळ. त्या शहरांतल्या प्रेक्षकांना निवड करायला मिळालीच नाही, मग त्यांनी नाकारलं कुठून?

बंदी उठली तेव्हा नवी केंद्रं मोठ्या प्रमाणावर यूएचएफ पट्ट्यात, म्हणजे १४ पासून पुढच्या चॅनलांवर दिली गेली. घरोघरचे बहुतेक संच २ ते १३ एवढेच चॅनल पकडायचे. वर वेगळं यंत्र जोडल्याशिवाय यूएचएफ दिसत नसे. सगळे चॅनल पकडणारे संच बनवण्याची सक्ती करणारा कायदा आला १९६२ मध्ये. ड्यूमॉन्ट तोवर संपलं होतं.

त्यात मालकीचा घोळ. हॉलिवूडच्या पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा ड्यूमॉन्टमध्ये मोठा हिस्सा होता. पॅरामाउंटची स्वतःची केंद्रंही एफसीसीने ड्यूमॉन्टच्या खात्यात धरली, त्यामुळे पाच केंद्रांची मर्यादा भरली आणि ड्यूमॉन्टला न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि पिट्सबर्ग या तिन्हींच्या पुढे जाता आलं नाही. याउलट १९५३ मध्ये एबीसीला युनायटेड पॅरामाउंट थिएटर्स या पॅरामाउंटपासून वेगळ्या झालेल्या चित्रपटगृहांच्या कंपनीत विलीन व्हायला त्याच आयोगाने परवानगी दिली आणि डबघाईला आलेल्या एबीसीला पैसा मिळाला.

सगळा दोष आयोगावर टाकणंही बरोबर नाही. एनबीसी-सीबीएसकडे रेडिओचा नफा आणि रेडिओचे कलावंत होते, ड्यूमॉन्टकडे नव्हते. ग्लीसन १९५२ मध्ये सीबीएसकडे गेला तो जास्त पैशांसाठीच. पण दावा 'प्रेक्षकांनी बाद केलं' असा आहे, आणि तो चूक आहे. पैशांच्या ओढाताणीत ड्यूमॉन्टने पिट्सबर्गचं केंद्र वेस्टिंगहाउसला ९७ लाख ५० हजार डॉलरला विकलं. त्या मोठ्या शहरातलं २ ते १३ या चॅनलांवरचं हे एकमेव व्यावसायिक केंद्र म्हणजे इतर नेटवर्कशी घासाघीस करायचं त्यांचं सर्वांत मोठं हत्यार होतं. ते गेल्यावर नेटवर्क फार टिकलं नाही. ६ ऑगस्ट १९५६ ला शेवटचा कार्यक्रम झाला, मुष्टियुद्धाचा.

राहिलं फॉक्सचं 'शून्य'. रूपर्ट मरडॉक यांनी आधी मेट्रोमीडिया कंपनीची मोठ्या शहरांतली केंद्रं घेतली आणि त्यांवर ऑक्टोबर १९८६ मध्ये फॉक्स उभं केलं. मेट्रोमीडिया ही ड्यूमॉन्टचीच वारस कंपनी. न्यूयॉर्कचं आणि वॉशिंग्टनचं ड्यूमॉन्टचं केंद्र तिच्यामार्फत फॉक्सकडे आलं. वॉशिंग्टनच्या केंद्राची ओळख आजही डब्ल्यूटीटीजी अशीच आहे. त्यातली 'टीटीजी' ही ड्यूमॉन्टचे अभियंते थॉमस टी. गोल्डस्मिथ यांची आद्याक्षरं.