व्होल्ट वाढवा, वायर कमी करा

मिग वेल्डिंग मशीनला मुख्य नॉब दोनच. एक व्होल्टेजचा, दुसरा वायरच्या वेगाचा. ते दिसल्यावर गप्प बसणारा माणूस मला अजून भेटायचाय. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये चहा आणणारा पोऱ्यासुद्धा ग्लास ठेवता ठेवता सांगतो, "शेठ, व्होल्ट कमी पडतायत."

वैताग म्हणजे त्याचं बरोबर असतं. व्होल्ट कमी असले की बीड, म्हणजे वितळलेल्या वायरची जोडावरची रेघ, पत्र्यात शिरायचं नाव घेत नाही, नुसती वर फुगून बसते. वाढवावेत तर आडवी पसरते आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पाडते. मग वायरचा वेग वाढवायचा. करंटला वेगळा नॉब नाही. वायर जेवढी जोरात सुटेल तेवढे अँपिअर मशीन आपणहून ओढतं. हे गिऱ्हाइकाला समजावलं, तर म्हणाला, "म्हणजे स्वस्तातलं मशीन घेतलंत!"

मशीनवरच्या तक्त्याप्रमाणे २ मिमी पत्रा, ०.८ ची वायर, १७-१८ व्होल्ट. आमचे मामा त्या तक्त्यावर डबा ठेवतात. जेवता जेवता नुसतं ऐकतात. भजी तळल्यासारखी एकसारखी चरचर आली की मान डोलावतात. फाटफाट सुरू झालं, वायर हातातली वेल्डिंगची टॉर्च मागे ढकलायला लागली, की घास तोंडात ठेवूनच ओरडतात, "वायर कमी कर!"

त्यात मे महिना. पंखा लावला की जोडाला हवेपासून वाचवणारा गॅस उडतो आणि बीडला भोकं पडतात. बंद केला की वेल्डर उडतो, थेट टपरीवर. नुसत्या सीओटू गॅसवर वितळलेल्या धातूचे छर्रे फार, नोझल सारखं साफ करा. आरगॉन मिसळलेला ८०-२० गॅस आणला की छर्रे कमी, पण बिल बघून माझीच चरचर होते.

तरी परवा गेटच्या चौकटीवर जमलं. सरळ, बारीक, एकसारखी बीड! मी फोटो काढेपर्यंत मामांनी ग्राइंडर फिरवून ती सपाट केलीसुद्धा. गेट म्हटलं की ते होणारच. वर पुट्टी, रेड ऑक्साइड, काळा रंग.

गिऱ्हाईक आलं. सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं, चष्मा लावून पुन्हा फिरवलं.

"वेल्डिंग तर कुठं दिसतच नाही. मग एवढा रेट कशाचा लावलाय?"