47 घोडे आणि आंबिलाची बिंदगी

भिशीचा नंबर लागला तेव्हा मला 47 वं चालू होतं. या वयात आमच्याकडं लोकांची शुगर निघते. माझी बुलेट निघाली.

लातूरपासून 28 किलोमीटरवरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि गेली 14 वर्षं 125 सीसीच्या एका गाडीवर जातो-येतो. तिच्याबद्दल माझी तक्रार एकच, की तिनं तक्रारीला कधी जागा दिली नाही. पेट्रोल पीत नाही, बंद पडत नाही, आवाज शिलाई मशीनचा. असल्या गुणी गाडीला सोडायचं म्हणजे काहीतरी कारण लागतं. ते मला मिळालं नाही, म्हणून मी थेट लहानपणात गेलो.

आमच्या गावात एकच बुलेट होती, डॉक्टरांची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती चालू करणं म्हणजे सत्यनारायणच. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा काटा असायचा. त्याच्याकडं बघत डॉक्टर किक हळूहळू दाबत. काटा मध्यावर थांबला की डाव्या हाताची बारकी दांडी ओढून कोंडलेली हवा सोडायची, किक जराशी पुढं सरकवायची, दांडी सोडायची आणि मग अख्खं अंग किकवर टाकायचं. साधलं तर धप धप धप. चुकलं तर किक उलटी येऊन डॉक्टरांनाच डॉक्टर लागायचा. आम्ही पोरं शाळा बुडवून दोन्हीसाठी उभी असायचो.

आता बटण दाबलं की गाडी चालू होते. त्यामुळं चालू करण्यातली सगळी अडचण निवडण्यात जाऊन बसली आहे. बुलेटवाल्या रॉयल एनफील्ड कंपनीचीच क्लासिक घ्यायची, इथपर्यंत माझं ठरलं. पण 350 की 650?

वहीत दोन रकाने पाडले. 350 चं वजन 195 किलो, 650 चं 243. म्हणजे मोठी घेतली तर रोज सिमेंटची एक गोणी सोबत घेऊन शाळेला जायचं. लहानीत एकच सिलिंडर, 20 घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, 27 न्यूटन-मीटर टॉर्क. मोठीत शेजारी शेजारी दोन सिलिंडर, 47 घोडे, 52 न्यूटन-मीटर. 47! माझं वय आणि घोडे सारखेच निघाले. विज्ञानाच्या शिक्षकानं योगायोगाला संकेत म्हणू नये, हे मी पोरांना शिकवतो. स्वतःला शिकवायचं राहून गेलं.

तेवढ्यात सरकार मध्ये पडलं. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्यांवर थेट 40 टक्के लागला. लहान क्लासिकचं इंजिन आहे 349 सीसीचं. काठावर पास! 35 मार्कांवर सुटणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली, पण एवढ्या नेमकेपणानं सुटलेलं इंजिन पहिल्यांदा पाहिलं. मोठी क्लासिक मार्चमध्ये बाजारात आली तेव्हाच शोरूमच्या किमतीनं 3 लाख 37 हजारांपासून सुरू होत होती. त्यात आता ही भर.

आण्णांना हे सांगायला गावी गेलो. आमचे आण्णा रुपयात हिशोब करत नाहीत. त्यांचं चलन क्विंटल.

"दोन्हींत फरक कितीचा?"

"गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखाच्या आसपास."

"म्हंजे चार हजाराच्या भावानं पन्नास क्विंटल सोयाबीन," आण्णा म्हणाले. "आपल्या पाच एकरात चांगल्या साली चाळीस होतंय. औंदा तर समदं पाण्यात गेलं." मग बराच वेळ रानाकडं बघत बसले. "दुष्काळात तुमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलं. औंदा शेतातून नाव फिरलेली बघितली. आता तुजी बुलेट बगू. घे."

त्या 'घे' मध्ये परवानगी होती की पंचनामा, मला अजून कळलेलं नाही. 2016 मध्ये मिरजेहून वाघिणी भरून पाणी आलं होतं, त्या उन्हाळ्यातसुद्धा हा माणूस एवढा शांत नव्हता.

स्टाफरूमला विषयाचा वास लागायला एक मधली सुट्टी पुरली. गणिताचे सर म्हणाले, किमतीला घोड्यांनी भागा. भागलं. लहानीत एक घोडा साडेनऊ हजाराला पडतो, मोठीत पावणेआठला. "घाऊक माल स्वस्तच असतो. एवढ्यात माळेगावच्या यात्रेत शिंगरू येत नाही!" मराठीच्या बाईंचं म्हणणं, क्लासिक म्हणजे अभिजात, मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा कुणी तिचे सीसी मोजले नव्हते. संभाजीनगरकडच्या एका सरांना मी दोन्हींपैकी कुठलीच घेऊ नये असं वाटत होतं. त्यांचा भाऊ वाळूजला दुचाकीच्या कारखान्यात आहे आणि मद्रासची गाडी घेणं हा मराठवाड्यावर अन्याय आहे, असं ते अनुशेषाच्या सुरात बोलत होते. मुख्याध्यापक तेवढे मुद्द्याचं बोलले. "650 वर शाळेत आलात तर साहेब पहिलं विचारतील, सर शिकवण्या घेतात का?" लातूरमध्ये शिक्षकावर याहून मोठा आरोप नाही, आणि याहून मोठं कौतुकही नाही.

मिस्त्रीकडं गेलो. माझ्या 125 ला 14 वर्षं त्याचाच हात लागलेला. त्यानं पान्यावरचं ग्रीस पुसलं आणि निकाल दिला, "सर, 350 खोलने कू मेरेकू आधा दिन होना. 650 खोलने कू पयले मेरेकू हिम्मत होना."

शनिवारी बायकोला घेऊन शोरूम गाठलं. 650 उभी होती. काय रूप होतं! अश्रूच्या आकाराची टाकी, दोन्हीकडं चमकणाऱ्या दोन नळ्या, हेडलाइटवर टोपी. मी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होतो, तेव्हा बायको मागच्या सीटकडं बघत होती.

"अहो, साडी गार्ड कुठंय ह्याला?"

"मॅडम, बसतं ते," पोरगा म्हणाला. "पण आजकाल लेडीज दोन्हीकडं पाय टाकून बसतात."

"बसत्यात की. पण माझ्या हातात येळवशीची बिंदगी असली तर कुठं ठिवू? डोक्यावर?"

पोरगा पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आला असावा. त्याला टॉर्क विचारा, मायलेज विचारा, हप्ता विचारा. बिंदगी, म्हणजे येळवशीला, वेळा अमावस्येला रानात आंबील न्यायचं भांडं, त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हती.

चालवून बघायला आधी 350 दिली. बसल्याबरोबर डॉक्टर आठवले. तिच्या इंजिनाचा सिलिंडर 72 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 85.8 मिलिमीटर, म्हणजे रुंदीपेक्षा खोली जास्त, आडासारखी. असं इंजिन घाई करत नाही. सगळा जोर मिनिटाला 4000 फेऱ्यांतच हाती देतं. तिसऱ्या गिअरमध्ये गंजगोलाईला वळसा घातला. सोळा रस्त्यांची माणसं, हातगाडे, म्हशी आणि ऑटो एकाच वेळी अंगावर येत असताना गाडी शांतपणे धप धप करत राहिली. जुन्या बुलेटसारखी हाताला झिणझिण्या आणणारी थरथर मात्र नाही, आत तोल सांभाळणारा दांडा बसवलाय. पाणी गाळून दिल्यासारखं वाटलं. चव तीच, पण गढूळपणा गेला.

मग 650 घेऊन औसा रोडला लागलो. इथं मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की पहिली पाच मिनिटं मी कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा आणि कुठल्या शाळेचा शिक्षक, हे सगळं विसरलो. तिच्या दोन सिलिंडरांचे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत. एक पडला की इंजिनाचा दांडा 270 अंश फिरल्यावर दुसरा, मग 450 अंशांचा दम. जोडीतला एक बैल अर्धं पाऊल पुढं टाकतो ना, तसा ताल. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. मागं दोन ट्रॉल्या, वर गाणी मोठ्यानं, ड्रायव्हरची मान गाण्याच्या तालावर. एरवी अशा ट्रॅक्टरमागं मी मुक्कामाला असतो. 125 वर त्याला ओलांडायचं म्हणजे तिथी बघावी लागते. 650 ची मूठ नुसती पिळली आणि ट्रॅक्टर, ट्रॉल्या, गाणी सगळं आरशात गेलं. मोठ्या इंजिनाच्या बाजूनं जगात एवढाच युक्तिवाद आहे, आणि तो फार मोठा आहे.

पुढं गतिरोधक आला. मग दुसरा. माझ्या शाळेच्या वाटेवर 31 गतिरोधक आहेत. निम्मे सरकारी, बाकीचे गावकऱ्यांनी हौसेनं केलेले. 160 च्या पुढं जाऊ शकणारी गाडी दोन गतिरोधकांच्या मध्ये ताशी 45 पर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्या गिअरवर येते. हत्तीला सुईच्या नेढ्यातून रोज 62 वेळा काढायचं. त्यात इंजिनाची गरम हवा मांड्यांना लागत होती. हा डिसेंबर होता. मे महिन्यातल्या लातूरची मी कल्पना केली आणि परत फिरलो.

शोरूमच्या दारात उतारावर गाडी वळवताना तोल किंचित गेला. किंचितच. पण 243 किलोला 'किंचित' हा शब्द माहीत नाही. दोन पोरं धावत आली म्हणून गाडी वाचली. माझी इज्जत तिथंच आडवी झाली. बायको काही बोलली नाही. ती न बोलण्याचा आवाज 650 पेक्षा जास्त होता.

तरीही मन 650 कडंच ओढत होतं. निकाल लागला तो येळवशीला.

वेळा अमावस्येला लातूर शहरात कर्फ्यू लागल्यासारखं होतं. सगळी जनता रानात, पूजेला आणि जेवायला. आम्हीही भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील घेऊन निघालो, आणि त्याच दिवशी आमचे दाजी पुण्याहून 650 घेऊन आले. तीच. रंगही मला आवडलेला. आण्णांनी लांबूनच विचारलं, "पन्नास क्विंटलवाली हीच का?"

सडकेपासून आमच्या रानातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत पाऊण किलोमीटर गाडीवाट आहे. दाजींनी किल्ली माझ्या हातात दिली. मी मागं वळून बायकोकडं बघितलं. ती बिंदगी पोटाशी धरून आमच्या 125 वर, भाच्याच्या मागं, आधीच बसलेली होती.

शेजाऱ्यानं रात्री उसाला पाणी सोडलेलं आणि बारं फुटून वाटेवर आलेलं. वरून जमीन नुसती ओलसर दिसत होती. काळ्या रानाची हीच खोड आहे, ते वरून काही बोलत नाही. 125 कडेच्या गवतावरून टुणटुण करत निघून गेली. मी मधूनच गेलो, कारण माझ्याकडं 47 घोडे होते.

मागचं चाक आधी घसरलं, मग फिरलं, मग खाली बसलं. मूठ पिळली तशी गाडी आणखी खाली. चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा भरला की चाक फिरायचंच बंद झालं. 52 न्यूटन-मीटर टॉर्क आपल्या जागी बरोबर होता, घर्षण नव्हतं. घर्षणाचा धडा मी पोरांना शिकवतो. दाजींनी ढकललं, त्यांचे पुण्याचे बूट तिथंच राहिले. बांधावरून शेजाऱ्याची पोरं "ओलगे ओलगे" ओरडत होती, ती रानात चर शिंपायचं सोडून आमच्याकडं बघायला आली.

शेवटी आण्णा देवणी जोडी घेऊन आले. घाई नाही, बोलणं नाही. नाडा गाडीच्या पुढच्या नळ्यांना बांधला, खाली दाजींचा नवा टॉवेल घातला, म्हणजे रंग खरवडू नये. बैलांच्या पाठीवर थाप मारून नुसतं "हं" म्हणाले. बैलांनी माना खाली घातल्या. चिखलातून 'पचाक' असा आवाज आला आणि अभिजात वाहन धुऱ्यावर आलं.

आण्णांनी गाडीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कोपीकडं चालायला लागलो. तिथं चुना लावलेल्या पाच दगडी पांडवांपुढं बायकोनं बिंदगी ठेवली होती. काठोकाठ भरलेली. एक थेंब सांडला नव्हता.

सोमवारी शाळा सुटल्यावर एकटाच शोरूममध्ये गेलो. पोरगा लगबगीनं 650 चं पत्रक घेऊन आला.

"350," मी म्हणालो. "साडी गार्ड लावा. आणि मागं कॅरिअर बसतं का?"

"सर, क्लासिकला कॅरिअर?"

"बिंदगी मावंल एवढं."

त्यानं हे कुठल्या रकान्यात लिहिलं, मला माहीत नाही. पावती घेऊन बाहेर आलो आणि आण्णांना फोन लावला. कुठली घेतली म्हणून त्यांनी विचारलं. सांगितलं. पलीकडं बराच वेळ फक्त घुंगरांचा आवाज.

"बरं केलास," आण्णा म्हणाले. "बैलं बी आता म्हातारी झाल्यात."