लाळेच्या एका नमुन्यावर आयुष्यभराची औषधे ठरत नाहीत

नाशिकमधील ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: लाळेचा एक नमुना देऊन जनुके वाचून घ्या, म्हणजे कोणते औषध लागू पडेल आणि कोणता आजार होईल हे कायमचे कळेल, शरीरातील प्रथिनांच्या जाळ्याचा, म्हणजे कोणते प्रथिन कोणाशी जोडून काम करते याचा, पूर्ण नकाशा संगणकाकडे असल्यामुळे डॉक्टरांची गरज उरणार नाही. जनुकांच्या या शास्त्राबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणूनच हे दावे खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा औषधांचा. इंदिरानगरमधील आमच्या शेजारच्या काकांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवल्यानंतर क्लोपिडोग्रेल हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध सुरू होते. मुलाने करवून घेतलेल्या जनुकीय चाचणीच्या अहवालात त्या औषधापुढे लाल खूण दिसली आणि हा मजकूर वाचलेला असल्याने काकांनी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. सूनबाईंनी डबीतल्या गोळ्या मोजल्या, तेव्हा ९ दिवसांच्या गोळ्या शिल्लक निघाल्या. अहवाल खोटा नव्हता. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील सीवायपी२सी१९ नावाचे विकर (एन्झाइम) त्याला कामाचे रूप देते, आणि ज्यांच्या जनुकातील बदलामुळे हे विकर मंद असते, त्यांच्यात औषधाचा प्रभाव कमी पडतो. असे बदल युरोपीय लोकांपेक्षा दक्षिण आशियाई लोकांत जास्त आढळतात, त्यामुळे ही चाचणी आपल्याकडे खरोखर उपयोगी आहे. मात्र लाल खुणेचा अर्थ ‘दुसरे औषध घ्यावे लागेल’ असा होतो. काहीच न घेतल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. उलट, ज्यांची जनुके उत्तम आहेत, त्यांनी ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल घेतले तर तेच विकर दबते. जनुक तेच राहते, औषधाचा परिणाम मात्र बदलतो. मग निकाल ‘कायमचा’ कसा म्हणायचा?

दुसरा दावा आजारांचा. आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत सिकलसेलचे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराचे, रुग्ण आहेत. हा आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील डीएनएच्या एका अक्षराच्या बदलामुळे होतो, म्हणजे जनुकावरून भाकीत करण्यास याहून सोपा आजार शोधून सापडणार नाही. तरीही आई-वडील दोघांकडून हाच बदल मिळालेल्या दोन मुलांपैकी एकाला वारंवार असह्य वेदना होतात, तर दुसऱ्याला त्या मानाने कमी त्रास होतो, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन हा त्रास कमी करते, आणि ते कोणात किती शिल्लक राहते हे इतर जनुकांवरही ठरते. एका अक्षराच्या आजाराची ही गत, तर मधुमेहाचे काय सांगावे? त्यात शेकडो ठिकाणचे बारीक बदल, आहार आणि वजन एकत्र येतात. त्यातही जनुकांवरून आजाराची जोखीम आकड्यात मोजण्याची बहुतेक सूत्रे युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेली असल्याने आपल्याकडे ती कमी अचूक ठरतात. सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने संशोधकांसाठी खुली केली, ती २०२५ मध्ये.

प्रथिनांच्या जाळ्याची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. द्वारका चौक तुंबला की पुणे रस्त्यापासून आग्रा महामार्गापर्यंत वाहने अडकतात, पण एखादी गल्ली बंद झाली तर लोक शेजारून वाट काढतात. कोणते प्रथिन ‘द्वारका’ आहे आणि कोणते ‘गल्ली’, हे शोधून औषधाचे लक्ष्य सुचवणे, हे या पद्धतीचे काम. परंतु आजचा नकाशा अपुरा आहे. त्यातील बऱ्याच जोडण्या यीस्टमध्ये किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तपासलेल्या आहेत, आणि तुमच्या यकृतात आज कोणता रस्ता वाहता आहे हे लाळेतील डीएनएवरून समजत नाही.

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. काकांना क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर हे दुसरे औषध देण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनी विचारले की मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का, दम लागतो का आणि आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात नव्हते.