तांदूळ घाला, फुंकर मारा

चेकिंगचे दीडशे रुपये. चेकिंग म्हणजे काय, तर पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानाच्या मालकाने माझी जुनी हार्डडिस्क कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "गेली. फॉरमॅट मारून बघू का?" मी म्हटलं, डेटा? "अच्छा, डेटा पाहिजे होय!"

शेजारी जिन्यातल्या दिव्याचे होल्डर घ्यायला आलेले एक काका होते. होल्डर राहिले बाजूला.

"फ्रीजरमध्ये टाका रात्रभर. आमच्या साडूंची चालली होती."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मग?"

"मग कायमची बंद. पण चालली की नाही?"

साडूंशी वाद कोण घालणार? तरी सांगितलं, की असली साधी डिस्क हवाबंद नसते, तिला श्वासापुरतं बारीक भोक असतं. गार डिस्क बाहेर काढली, की हवेतली ओल आतल्या, डेटा साठवणाऱ्या तबकड्यांवर धरते.

"मग पिशवीत तांदूळ घाला."

मी गप्प.

"नाहीतर उघडा सरळ. स्क्रूच तर आहेत." उघडा! डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. सिगारेटच्या धुराचा कण त्याच्यापुढे धोंडा. "म्हणून उघडल्यावर फुंकर मारायची," असं म्हणून त्यांनी मारून दाखवली. सुपारीसकट.

खरं तर कानापेक्षा वीज लावून बघायचं असतं. टकटक वाजली तर बहुधा हेड गेलं, ताबडतोब बंद करा. चालू ठेवली की तबकडी खरवडते. ह्यावर घरगुती उपाय नाही, त्याच मॉडेलच्या डिस्कचं हेड क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ गाळलेल्या खोलीत, बसवावं लागतं.

पूर्ण शांत असेल तर उलट आशा आहे. आधी अडॅप्टर बदला: साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर ती हलतच नाही. मग टी-६ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने खालचं सर्किट बोर्ड काढा. मागचे संपर्क काळे पडले असतील तर खोडरबराने पुसा. चुकीचा अडॅप्टर लागून संरक्षक डायोड शॉर्ट झाला असेल तर मल्टिमीटर लगेच सांगतो. डायोड काढला की डिस्क बऱ्याचदा फिरते. पण आता राखणदार नाही, डेटा उतरवण्यापुरतीच चालवा. दुसरं बोर्ड नुसतं लावून सहसा भागत नाही. आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची मापं असतात, तीही उचलून नव्या बोर्डावर डाग देऊन बसवावी लागते.

फिरते, दिसते, पण अडकते? विंडोजची चेकडिस्क चालवू नका. ती दुरुस्तीच्या नावाखाली मरणाऱ्या डिस्कवर लिहीत सुटते. लिनक्समधून डीडीरेस्क्यू ह्या प्रोग्रॅमने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढा. कुठवर काम झालं ह्याची नोंद ठेवणारी मॅप फाइल द्या, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. आधी चांगला भाग, खराब सेक्टरचा हट्ट शेवटी.

प्रत झाली की डिस्क भंगारात. त्याआधी आतली निओडिमियम चुंबकं काढून घ्या. भंगारवाला वजनावर घेतो, त्यांचे वेगळे पैसे देत नाही.