‘कमरेएवढ्या बंधाऱ्याला काय घाबरायचं?’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘नदीत कयाक चालवणाऱ्यांसाठी सोपे नियम’ नावाचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि विचारलं, “मामा, हे बरोबर आहे ना? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी सेव्ह करून ठेवलंय.” तो नुकताच कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, चालवायला शिकलाय. मेसेज वाचून माझं डोकंच फिरलं. त्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण हे ‘नियम’ पाळून एखादा जिवानिशी जाईल.

पहिला नियम म्हणतो, “बंधारा कमरेएवढा असेल तर घाबरू नका, वेग घेऊन सरळ मारा.”

साफ चूक, आणि सगळ्यात घातक. बंधारा किती उंच आहे यावरून तो किती धोक्याचा आहे हे कळत नाही. माथ्यावरून पडणारं पाणी खालच्या पाण्यात घुसतं, तळाशी जातं आणि थोडं पुढे जाऊन वर उसळतं. जिथे वर येतं तिथे पृष्ठभागावर फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यापासून काही पाणी पुढे वाहतं, पण उरलेलं पृष्ठभागावरून उलटं, बंधाऱ्याकडेच परत येतं. फुगवटा आणि बंधारा यांच्यामध्ये जो सापडला तो पडत्या पाण्याखाली ओढला जातो, खाली दाबला जातो, वर येतो आणि पुन्हा ओढला जातो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी एखादा ओंडका तासन्‌तास जागच्या जागी गरगरताना पाहिलाय का? त्याच्या जागी माणूस कल्पून बघा.

नैसर्गिक खळाळात खडक वेडेवाकडे असतात, त्यामुळे कुठेतरी पाण्याला वाट मिळते आणि माणसालाही. बंधारा माणसाने बांधलेला असतो, बहुतेक वेळा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ आणि एकसारखा. मग उलटा प्रवाहही सलग काठापासून काठापर्यंत. दोन्ही टोकांना उभ्या भिंती असतील तर बाजूनेही सुटका नाही. कयाक त्यात शिरली की बहुधा आडवी होते आणि तशीच अडकून राहते. त्यात कयाकमध्ये बसलेल्याचे डोळे पाण्यापासून मीटरभरही वर नसतात. वरून येताना त्याला दिसते ती फक्त नदीवर आडवी ओढलेली एक सपाट रेघ. त्या रेघेपलीकडे काय आहे हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी हॅवरफर्डवेस्ट हे नाव लक्षात ठेवावं. वेल्समधलं गाव. 30 ऑक्टोबर 2021 ला पावसाने फुगलेल्या नदीतून नऊ जण पॅडलबोर्डवरून (उभं राहून वल्हवायच्या फळीवरून) निघाले होते. गावातल्या कमी उंचीच्या बंधाऱ्यावर चौघांचा जीव गेला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने याची चौकशी करून 2022 मध्ये अहवाल काढला. नियोजन अपुरं होतं, बंधाऱ्याच्या धोक्याची पुरेशी जाणीव नेतृत्व करणाऱ्यांना नव्हती आणि सोबतच्यांनाही ती दिली गेली नव्हती. ते पॅडलबोर्ड होते, कयाक नव्हते, असं कुणी म्हणेल. उलट्या प्रवाहाला त्याने काय फरक पडतो?

“लाइफ जॅकेट घातलं की बुडणं अशक्य,” हा दुसरा नियम. जॅकेट घालायचंच, त्यात वाद नाही. पण बंधाऱ्याखालचं पांढरं फेसाळ पाणी म्हणजे पाणी आणि हवा यांचं मिश्रण. त्यात एक तृतीयांश हवा असेल तर तुम्हाला वर उचलणारा जोरही जवळपास एक तृतीयांशाने घटतो. वरून टनावारी पाणी कोसळत असतं ते वेगळंच.

आता तिसरा. “अडकलात तर जॅकेट काढून फेका आणि तळाशी सूर मारा.” यात अर्धं सत्य आहे, ते मी नाइलाजाने कबूल करतो. तळाजवळचं पाणी खरोखर पुढे वाहत असतं आणि त्याच्यासोबत बाहेर पडून काही जण वाचलेही आहेत. पण तो सगळे उपाय संपल्यावरचा शेवटचा प्रयत्न असतो. बेत आखताना त्यावर भिस्त ठेवून कुणी पाण्यात उतरू नये. आणि जॅकेट फेकलं तर फुगवट्यापलीकडे पोचल्यावर, दमलेल्या, गारठलेल्या माणसाला तरंगत ठेवणार कोण?

“पूर आला की बंधारा बुडतो, मग तो सुरक्षित.” पाणी खूपच चढलं तर कधीकधी बंधारा पूर्ण बुडून उलटा प्रवाह नाहीसा होतो, हे खरं. पण तिथवर चढताना मधली एक पातळी अशी येते की उलटा प्रवाह सगळ्यात ताकदवान असतो आणि वरून पाणी मात्र शांत दिसतं. काठावरून बघून नवख्याला हा फरक ओळखता येणार नाही. शिवाय पुरात वाहून येणारी झाडं असतातच.

झाडांबद्दलही मेसेजमध्ये आहे: “पडलेलं झाड दिसलं तर फांदी धरून थांबा.” नको! झाडाच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही, तो तिथेच दाबून धरला जातो. लांबूनच टाळा. टाळता येतच नसेल तर पालथं होऊन, डोकं पुढे ठेवून जोरात पोहत जा आणि अंग झाडावर चढवा. पाय पुढे करून उताणं तरंगणं खडकांसाठी ठीक, इथे नाही. आणि “उथळ असेल तर उभे राहा” हे वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर अजिबात करू नका. पाय खडकात अडकला की प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो.

“मित्र अडकला तर क्षणाचा विलंब न लावता उडी मारा.” यामागची भावना मला समजते, म्हणूनच हे वाचून जास्त राग येतो. हॅवरफर्डवेस्टमध्ये गेलेल्या चौघांपैकी एक जण सुखरूप बाहेर पडला होता आणि मदतीसाठी पुन्हा पाण्यात गेला. 1975 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला सस्क्वेहॅना नदीवरच्या बंधाऱ्यावर बचावाला गेलेले अग्निशामक दलाचे जवान मेले. प्रशिक्षित माणसं होती ती. हाक मारा, लांब वल्हं किंवा काठी पुढे करा, काठावरून थ्रो बॅग (दोर भरलेली पिशवी) फेका, आणीबाणीचा नंबर लावा. दोर स्वतःच्या कमरेला बांधू नका.

शेवटचा नियम सांगतो की उतरून कयाक खांद्यावर नेणं हे भित्र्यांचं काम. वर्षानुवर्षं नदीत घालवलेली माणसं बंधारा आला की काठावर येऊन आधी बघतात आणि बऱ्याचदा सरळ चालत पुढे जातात. नकाशावर प्रत्येक बंधारा निघण्यापूर्वीच शोधून ठेवा. कुठल्या काठाला उतरायचं ते ठरवा, आणि ती जागा बंधाऱ्याच्या इतकी वर निवडा की एकदा काठ चुकला तरी दुसरा प्रयत्न करायला पाणी उरेल.