मार्टिन क्रेनची खुर्ची

'फ्रेझर' या अमेरिकन विनोदी मालिकेतलं सगळ्यात विनोदी पात्र कोणतं, असं विचारलं की ही मालिका पाहिलेले बहुतेक जण पटकन नाइल्सचं नाव घेतात. मीही कित्येक वर्षं तेच सांगायचे. आता माझं उत्तर बदललंय. का बदललं ते कधीपासून लिहायचं होतं, आज बसलेय.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९३ ते २००४, ११ सीझन, २६४ भाग. फ्रेझर क्रेन हा मानसोपचारतज्ज्ञ. आधीच्या 'चिअर्स' मालिकेत तो बॉस्टनच्या बारमध्ये बसलेला असायचा. घटस्फोटानंतर तो आपल्या गावी, सिॲटलला परततो आणि रेडिओवर फोन करणाऱ्यांना सल्ले देऊ लागतो. धाकटा भाऊ नाइल्स, तोही मानसोपचारतज्ज्ञ. एक फ्रॉइड या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेचा, दुसरा युंगच्या. आणि वडील मार्टिन, खुब्यात गोळी लागल्यामुळे निवृत्त झालेले पोलीस. काठी टेकत मोठ्या मुलाच्या उंची फ्लॅटमध्ये राहायला येतात. बरोबर एडी नावाचा कुत्रा आणि ती खुर्ची.

म्हणजे लोकांना मनातलं बोलायला लावणं हाच ज्यांचा पेशा, असे दोन डॉक्टर या कुटुंबात आहेत. आणि स्वतःच्या मनातलं मात्र तिघांपैकी एकालाही सरळ सांगता येत नाही. मला वाटतं, या मालिकेतलं सगळं हसू इथूनच येतं.

नाइल्सच घ्या. मार्टिनच्या फिजिओथेरपीसाठी घरात राहायला आलेली, मँचेस्टरची डॅफ्नी त्याला पहिल्या सीझनपासून आवडते. तिला हे कळायला आणि दोघं एकत्र यायला सातवा सीझन संपावा लागतो. तोवर डेव्हिड हाइड पिअर्स हा नट ते सगळं खांद्यांतून, बोटांतून, अर्ध्यावर थांबलेल्या श्वासातून दाखवत राहतो. आणि हे पात्र मूळ आराखड्यात नव्हतंच! पिअर्सचा चेहरा फ्रेझरचं काम करणाऱ्या केल्सी ग्रामरच्या तरुणपणीच्या चेहऱ्याशी किती जुळतो हे लक्षात आलं आणि फ्रेझरला भाऊ मिळाला. पिअर्सला ११ वर्षं सलग एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचं नामांकन होतं, चारदा पुरस्कार मिळाला.

१९९९ सालचा व्हॅलेंटाइन डेचा भाग आहे, तो नक्की बघा. नाइल्स भावाच्या घरी एकटाच, जेवायला येणाऱ्या पाहुणीची वाट बघतोय. पँटची इस्त्री मनासारखी नाही, म्हणून ती काढून इस्त्रीच्या टेबलावर घेतो. मग एक सुटलेला दोरा दिसतो. दोरा कापायला कात्री. कात्रीने बोट कापतं. रक्त दिसताच चक्कर. सोफ्यावर डाग, डाग पुसायची धडपड, पुन्हा चक्कर, आणि तिकडे इस्त्री चालूच! शेवटी आग. कित्येक मिनिटं जवळजवळ एक शब्दही नाही. सोबतीला फक्त एडी. मी हा प्रसंग किती वेळा पाहिलाय ते मोजलेलं नाही, पण दोरा दिसला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. एवढ्याशा दोऱ्यातून आगीपर्यंत पोचणं आणि मधली एकही पायरी खोटी न वाटणं, याला मी फार मोठी कला मानते.

नाइल्सची बायको मॅरिस तर शेवटपर्यंत पडद्यावर येतच नाही. तिच्याबद्दल नुसतं बोललं जातं. आपल्याकडेही प्रत्येक घरात अशी एक लांबची मामी असते, जिला आपण कधी पाहिलेलं नसतं पण जिचे सगळे किस्से पाठ असतात. आणि रेडिओ स्टेशनवरची रॉझ मला आवडते, कारण एवढ्या सगळ्यांत मनातलं तोंडावर बोलून टाकणारी तीच.

पण माझा नंबर एक आता मार्टिन.

त्याची खुर्ची हिरवट-तपकिरी पट्ट्यांची, फाटलं तिथे चिकटपट्टी लावलेली. फ्रेझरच्या निवडून आणलेल्या फर्निचरच्या मधोमध ती येऊन बसते. पहिल्याच सीझनमध्ये फ्रेझर नवी महागडी खुर्ची आणतो आणि जुनी घराबाहेर जाते. तेव्हा मार्टिन सांगतो की नातू झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी त्याच खुर्चीत होतो, तिच्यात झोप लागली की तुझी आई मला उठवायला यायची. एरवी बिअर आणि बेसबॉलपलीकडे न बोलणारा माणूस! मार्टिनचं काम करणाऱ्या जॉन माहोनी यांनी ते इतकं साधेपणाने म्हटलंय की आधी हसणारे आपण गप्प होतो. २०१८ साली ते गेले तेव्हा मला खरोखर घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं.

मला हे उशिरा कळलं त्याला कारण आहे. आई गेल्यावर बाबा चिपळूणहून आमच्याकडे ठाण्याला आले. टेम्पोतून दोन बॅगा आणि त्यांची आरामखुर्ची उतरली. खाकी कापडाची, आईने दोनदा टाके घातलेली, हातावर चहाच्या कपांचे गोल डाग. आम्ही ती बाल्कनीत ठेवली. बाबा काही बोलले नाहीत. पावसाचे चार महिने ते सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखे बसत होते. दिवाळीच्या आवराआवरीत मी ती खुर्ची आत आणली, खिडकीपाशी.

मागच्या रविवारी त्यांना पहिला भाग दाखवला. उच्चार भरभर असतात, म्हणून मध्ये मध्ये मी मराठीत सांगत होते. बापलेकाचं जोरदार भांडण होतं. फ्रेझरला वडिलांकडून एकदा 'थँक यू' ऐकायचं असतं, ते काही मिळत नाही. मग शेवटी मार्टिन मुलाच्याच कार्यक्रमाला फोन लावतो. म्हणतो, मुलाकडे राहायला आलोय, तो माझ्यासाठी जे करतो त्याची मला जाणीव आहे, पण ते त्याला कळतं की नाही कोण जाणे. फ्रेझर म्हणतो, त्यालाच का सांगत नाही? बापलेकांचं कसं असतं तुम्हाला ठाऊकच आहे, मार्टिन म्हणतो. आणि फोन संपता संपता मात्र, मी काय म्हणालो ते ऐकलंस ना, असं चक्क ओरडून विचारतो.

"मग मुलगा काय म्हणाला?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"ऐकलं म्हणाला."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "पुढचा लाव."